माल उतरायचा कधी?

२०२२ चा मार्च. तासगाव तालुक्यातल्या आमच्या मामांच्या बेदाणा शेडबाहेर खाट टाकून मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. रात्री पावणेदोनला माझा आणि मामांचा फोन एकाच वेळी वाजला. मेसेज मी आणि माझ्या भागीदारानेच लिहिलेला होता: 'आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर. पडदे सोडा.' ज्या यंत्रासाठी आम्ही दोघं आठ महिने खपलो, ते खऱ्या हंगामात, खऱ्या शेडात पहिल्यांदा बोललं होतं. मी धावतच मामांना उठवायला गेले.

मामा जागेच होते. म्हणाले, "पडदे मी नऊलाच सोडल्यात. सांजचं वारं फिरलं तवाच कळलं." मग कूस वळवता वळवता म्हणाले, "पोरी, पाऊस येणार हे मला आभाळ सांगतंय. माल उतरायचा कधी, ते सांगणारं काहीतरी काढ."

हे वाक्य मी ऐकलं, पण वहीत उतरवलं ते पाच महिन्यांनी. त्या पाच महिन्यांत आमच्या कंपनीचे जवळपास तीन लाख रुपये गेले. नवा धंदा काढणाऱ्यांना आज स्टार्टअपच्या व्यवस्थेकडून, अनुदानातून, इनक्युबेटरमधून (नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणाऱ्या संस्थेतून) नेमकं काय मिळतं आणि काय मिळत नाही, याबद्दल जे काही मी शिकले ते त्या पाच महिन्यांत आणि त्यानंतरच्या दोन हंगामांत. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांची इंजिनिअर. कॉलेज सांगलीत झालं. मग भोसरीत सात वर्षं नोकरी केली, काम प्रेशर गेज आणि ट्रान्समीटर कॅलिब्रेट करण्याचं, म्हणजे ते बरोबर मोजतात का ते तपासून जुळवण्याचं. भागीदार माझा वर्गमित्र, सर्किट आणि प्रोग्रॅमिंग त्याच्याकडे. कल्पना माझी होती आणि तिचं मूळ लहानपणात होतं. मी सातवीत असताना मामांचा माल रॅकवर असताना अवकाळी पाऊस आला. हिरवा व्हायचा तो बेदाणा काळा पडला आणि निम्म्याहून कमी भावात गेला. त्या वर्षी मामी दिवाळीला माहेरी गेल्या नव्हत्या, एवढं मला आठवत होतं. पाऊस हा शत्रू आहे, त्याची खबर आधी द्यायची, हे माझ्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं होतं. इतकं पक्कं, की ते कुणाला विचारून बघावं असं मला वाटलंच नाही.

ज्यांनी शेड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. घड तोडून आणले की ते पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, लिटरला साधारण २५ ग्रॅम पावडर आणि १५ मिली ऑइल. त्यामुळे मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. मग जाळीच्या रॅकवर एकाखाली एक असे दहा-बारा थर पसरतात, वर सावली, बाजूला पडदे. हवा कोरडी असेल तर दोन-अडीच आठवड्यांत माल तयार होतो. मग रॅक हलवून माल खाली घ्यायचा, वाळवण फिरवायचं, काड्या काढायच्या, निवडायचा, १५ किलोच्या बॉक्समध्ये भरायचा आणि कोल्ड स्टोअरेजला लावायचा. तिथून तो सौद्याला, म्हणजे लिलावाला येतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्यामागे ही एवढी यातायात आहे.

२०२१ च्या जुलैत आम्ही नोकऱ्या सोडल्या. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली, डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप म्हणून मान्यता घेतली. हे काम मला वाटलं होतं त्याहून सोपं निघालं: अर्ज ऑनलाइन, कागद बेताचे. १६ जानेवारी २०१६ ला स्टार्टअप इंडिया मोहीम सुरू झाली त्याआधी कंपनी काढलेल्या माझ्या एका मावसभावाने जे हेलपाटे घातले होते, ते मला घालावे लागले नाहीत. याचं श्रेय मी मनापासून देते.

मग पुण्यातल्या एका इनक्युबेटरमध्ये आम्हाला जागा मिळाली. तिथे काय होतं ते आधी सांगते, कारण ते खरोखर मोलाचं होतं. ऑसिलोस्कोप होता, थ्रीडी प्रिंटर होता, रात्री अकरापर्यंत उघडी असणारी लॅब होती. शेजारच्या टेबलावर दुधातली भेसळ तपासणारे दोघं बसायचे. त्यांच्याकडून सेन्सरवर ओलावा साचू नये म्हणून काय करायचं ते दहा मिनिटांत कळलं. स्वतः शोधलं असतं तर महिना गेला असता. माझ्यासारख्या गावाकडच्या मुलीला, जिच्या घरात धंदा म्हणजे किराणा दुकान किंवा शेती, तिला नुसतं अशा माणसांमध्ये बसायला मिळणं हेसुद्धा भांडवलच असतं.

आणि पैसे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ९४५ कोटींची सीड फंड योजना सुरू केली. पैसा इनक्युबेटरच्या हातून यायचा. नमुना तयार करणं, त्याची चाचणी घेणं यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकत होतं. आमचे १२ लाख मंजूर झाले. ते एकरकमी मिळायचे नाहीत, ठरवलेले टप्पे गाठाल तसे हप्ते सुटायचे. आमचा पहिला मोठा टप्पा आम्हीच उत्साहाने लिहून दिला होता: '१०० शेडमध्ये आर्द्रता-सूचना यंत्र बसवणे.'

त्या टप्प्याकडे बघत आम्ही आठ महिने काम केलं. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी एक स्पर्धा. मंचावर सहा मिनिटं, समोर परीक्षक, मागे पडद्यावर बाजारपेठेचा मोठा आकडा. महाराष्ट्रात द्राक्ष किती, त्यातला बेदाणा किती, शेड किती, प्रत्येकी यंत्र किती, गुणाकार करून इतके कोटी. टाळ्या पडायच्या. एका ठिकाणी दुसरा नंबर आला, ५० हजारांचा चेक आणि ढाल मिळाली. ती स्पर्धा फेब्रुवारीत होती. फेब्रुवारी म्हणजे शेडांमध्ये पहिला माल पडायचा महिना. आम्ही त्या महिन्यात तीन वेळा सादरीकरण केलं आणि तासगावला एकदा गेलो. परीक्षकांपैकी एकानेही विचारलं नाही की आजवर किती शेडवाल्यांनी पैसे दिले. विचारलं असतं तर उत्तर शून्य होतं.

हा दोष मी कुणा एका संस्थेचा मानत नाही. मंचावरच्या माणसाला जे दिसतं त्याचेच गुण तो देणार, आणि मंचावरून शेड दिसत नाही. पण नव्या उद्योजकाचा सगळ्यात महाग माल म्हणजे त्याचा वेळ, आणि हंगामी धंद्यात तर तो ठरावीकच महिन्यांचा असतो. तो वेळ अशा स्पर्धा गिळतात, हे कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं. महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्यांना ढालीऐवजी सरकारी कामाचा कार्यादेश मिळतो. ही पद्धत मला फार योग्य वाटते. ऑर्डर मिळाली की काम करून दाखवावं लागतं, आणि करताना काय चुकलं ते कळतं.

मार्चमध्ये यंत्रं बारा शेडांत फुकट लावली. मामांकडे जे झालं तेच थोड्याफार फरकाने सगळीकडे झालं. हंगाम संपला. मी आकडे घेऊन इनक्युबेटरमधल्या आमच्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. त्यांनी स्वतः वीस वर्षं यंत्रांचा कारखाना चालवलेला. मी म्हणाले, "सूचना ९६ टक्के वेळा बरोबर आली." त्यांनी विचारलं, "सूचना आल्यावर किती जणांनी असं काही केलं, जे त्यांनी एरवी केलं नसतं?" मी गप्प बसले.

मग त्यांनी लीन म्हणजे काय ते सांगितलं. शब्द मी आधी शंभरदा ऐकला होता, स्पर्धांमध्ये वापरलाही होता. मुळात हा विचार टोयोटाच्या कारखान्यातला, ताईची ओनो यांचा: ज्या कामातून गिऱ्हाइकाच्या पदरात काही पडत नाही ते काम म्हणजे नासाडी. नव्या धंद्याला तो लावला अमेरिकेतल्या एरिक रीस यांनी. २००४ मध्ये काढलेल्या त्यांच्या कंपनीने सहा महिने रात्रंदिवस खपून गप्पा मारण्याचं एक सॉफ्टवेअर बनवलं, लोकांच्या जुन्या चॅटला जोडता येईल असं. लोकांना ते नकोच होतं. मॅडम म्हणाल्या, "कोड वाईट नव्हता. गृहीतक तपासलं नव्हतं. तुमचंही यंत्र वाईट नाही."

त्यांनी आम्हाला काम दिलं: पन्नास जणांशी बोला, पण यंत्राचं नाव काढायचं नाही. 'असं असेल तर घ्याल का' हे विचारायचं नाही, कारण आपला माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. फक्त झालेल्या गोष्टी विचारायच्या. 'गेल्या हंगामात शेवटचा माल खाली घेतलात, त्या दिवशी काय काय झालं?' एवढाच पहिला प्रश्न.

जूनपासून ऑगस्टपर्यंत आम्ही ४१ जणांशी बोललो: २४ बागायतदार, ९ शेडमालक, ५ कोल्ड स्टोअरेजवाले, ३ व्यापारी. पहिल्या दहा मुलाखती वाया गेल्या, कारण मला राहवायचं नाही आणि मी पावसावर गाडी नेऊन ठेवायची. अकराव्यापासून भागीदाराने बोलायचं आणि मी फक्त लिहायचं असं ठरवलं. मग माणसं बोलायला लागली. कवठेमहांकाळच्या एका काकांनी सव्वा तास सांगितलं: माल उतरवला, वरून सुकलेला वाटला, आत ओल होती, बॉक्समध्ये गोळा झाला, कोल्डला काळपट पडला. दुसरे म्हणाले, "मी भिऊन तीन दिवस जादा ठेवतो बघा. वजन घटतं, पण माल बिघडत नाही." ४१ पैकी ६ जण आपणहून पावसावर बोलले. २९ जण वेगवेगळ्या शब्दांत एकच बोलत होते, जे मामा त्या रात्री बोलले होते. माल उतरायचा कधी?

मुलाखती संपल्यावर एका रात्री आम्ही हिशेब मांडला. तो इथे देते, कारण आमचा सगळा धंदा त्या हिशेबावर उभा आहे. समजा माल १६ टक्के ओलाव्याला उतरवला तर १० टन भरला. त्यात पाणी १,६०० किलो, बाकी ८,४०० किलो. आता भीतीपोटी तोच माल १२ टक्क्यांपर्यंत सुकवला. ८,४०० किलो तेवढेच, पण एकूण वजन ९,५४५ किलो. म्हणजे ४५५ किलो हवेत गेले. किलोला १५० रुपये धरले तरी ६८ हजार. एका शेडच्या एका मालात! आणि घाई केली तर नुकसान त्याहून मोठं, कारण मग भावच पडतो. पावसाची खबर फुकट मिळत होती. ही खबर कुणीच देत नव्हतं.

आता टप्प्यांचा प्रश्न आला. कागदावर लिहिलं होतं १०० आर्द्रता यंत्रं. हितचिंतकांनी सांगितलं, यंत्रं बसवून टाका, हप्ता घ्या, मग काय बदलायचं ते बदला. भागीदाराशी माझं यावरून दोन दिवस वाजलं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खात्यात दीड लाख होते. पण जे यंत्र शेडवाल्याला नको आहे हे आम्हाला ठाऊक आहे, ते सार्वजनिक पैशातून शंभर ठिकाणी ठोकायचं, हे माझ्याच्याने होईना. आम्ही ४१ मुलाखतींच्या टिपणांसह टप्पे बदलण्याचा अर्ज दिला. निर्णयाला चार महिने लागले. मधे दोनदा बैठक पुढे गेली. समितीतल्या एकांनी विचारलं की मूळ प्रस्ताव चुकला होता म्हणजे निवड चुकली असं समजायचं का. मार्गदर्शक मॅडमनी तिथे आमची बाजू मांडली. त्या वेळी त्यांनी एका अभ्यासाचा दाखला दिला, तो मी नंतर वाचून काढला. इटलीतल्या ११६ स्टार्टअपवर केलेला हा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना बाजाराचा अंदाज घेण्याचं सारखं प्रशिक्षण दिलं; निम्म्यांना वर आणखी एक गोष्ट शिकवली, आपली कल्पना म्हणजे एक गृहीतक समजून शास्त्रज्ञासारखं ते तपासायचं. त्या गटाची कामगिरी सरस ठरली. आणि मूळ कल्पना बदलण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं. म्हणजे कल्पना बदलणं हे अपयशाचं नाही, काम नीट चाललं असल्याचं लक्षण असू शकतं. समितीने जानेवारी २०२३ मध्ये नवे टप्पे मान्य केले.

हे चार महिने आईच्या पाटल्या सोनेतारण ठेवून निघाले. हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही. ज्यांच्या घरात तारण ठेवायला काही नाही, त्यांनी अशा वेळी काय करायचं? गृहीतक तपासा, चुकलं तर बदला, असं एका हाताने शिकवायचं आणि दुसऱ्या हाताने वर्षभर आधी लिहिलेल्या टप्प्यांना पैसा बांधायचा, हे एकत्र चालत नाही. टप्पे 'काय बनवलं' याचे नकोत, 'काय कळलं' याचे हवेत. एवढा एक बदल झाला तर कितीतरी लोक नको असलेल्या वस्तू बनवायचे वाचतील.

२०२३ चा हंगाम दारात होता आणि हातात नवं यंत्र नव्हतं. मॅडम म्हणाल्या, यंत्राशिवाय विका. तासगावात एक खोली भाड्याने घेतली. पुण्यातल्या एका बंद पडलेल्या लॅबचा व्हॅक्यूम ओव्हन जुन्यात मिळाला. सकाळी मोटारसायकलवर शेडं फिरायची, नमुने घ्यायचे, खोलीवर आणून ७० अंशांवर सहा तास ठेवायचे, आधीचं आणि नंतरचं वजन करून संध्याकाळी मेसेज: 'ओलावा १७.२. उद्या दुपारनंतर उतरवा.' एका मालाचे ६०० रुपये. हंगामाआधी २२ जणांनी 'नक्की घेणार' म्हणून सांगितलं होतं. मी प्रत्येकाकडे हजार रुपये आगाऊ मागितले. ९ जणांनी दिले. मला आधी वाईट वाटलं. आज वाटतं की आमच्या कंपनीचे पहिले खरे आकडे ते नऊच. हंगाम संपेपर्यंत गिऱ्हाइकं ३१ झाली, ७४ माल तपासले, ४४,४०० रुपये आले. आदल्या वर्षी सात लाख खर्चून एक रुपया आला नव्हता.

आणि हातांनी काम केल्यामुळे जे कळलं ते कुठल्याही लॅबमध्ये कळलं नसतं. एकाच रॅकच्या वरच्या आणि खालच्या थरात दोन-दोन टक्क्यांचा फरक असतो. पश्चिमेची बाजू आधी सुकते. म्हणजे नुसतं मोजून भागत नाही, कुठून मूठ घ्यायची तेही ठरवावं लागतं. आज आम्ही यंत्रासोबत शेडच्या पाच जागांचा एक नकाशा देतो. अर्धी अचूकता यंत्रातून येते आणि अर्धी त्या नकाशातून.

ओव्हनचं उत्तर यायला दिवस जातो, म्हणून पुढच्या हंगामासाठी जागेवर उत्तर देणारं मीटर हवं होतं. तत्त्व जुनं आहे: बेदाणा वाटून त्याचा लगदा धातूच्या दोन कड्यांमध्ये दाबायचा आणि त्यातून वीज किती सहज जाते ते बघायचं. ओल जास्त तर वीज जास्त जाते. तापमानाची दुरुस्ती करावी लागते, ती माझी रोजची भाषा होती. पावसाळाभर कोल्डमधला बेदाणा घेऊन आम्ही मीटर बसवत आणलं. सगळं जुळलं. आणि मग नव्या हंगामातले दोन वेगळ्या शेडांचे नमुने आले. ओव्हन दोन्हींना १५.५ म्हणत होता. मीटर एकाला १५.४ म्हणत होतं आणि दुसऱ्याला १८.१.

तीन आठवडे आम्ही सर्किट उसवत बसलो. कड्या बदलल्या, वायरी बदलल्या, बॅटरी बदलली. शेवटी मी दुसऱ्या शेडवर गेले आणि काही न बोलता अर्धा दिवस बसून राहिले. तिथल्या गड्याने डिपिंगच्या टाकीत पावडर टाकली ती ओंजळीने. एक, दोन, तीन, आणि पाणी गार वाटलं म्हणून आणखी अर्धी. पोटॅशियम कार्बोनेट म्हणजे मीठच की ते! मण्यावर चिकटून राहिलेलं मीठ लगद्यात उतरत होतं आणि वीज वाहून नेत होतं. मीटर पाण्याऐवजी गड्याची ओंजळ मोजत होतं. आता आम्ही आधी दहा मणी मोजून थोड्या शुद्ध पाण्यात एक मिनिट हलवतो, त्या पाण्याचं माप घेतो आणि तेवढी दुरुस्ती लावतो. ही युक्ती सापडली त्या दिवशी मी शेडमधूनच भागीदाराला फोन केला, तेव्हा माझे हात चिकट होते आणि फोन आजही त्या जागी खरखरीत लागतो.

लीनच्या पद्धतीबद्दल एक शंका मला सुरुवातीपासून होती. बनवा, मोजा, शिका आणि पुन्हा फेरा मारा, तोही शक्य तितक्या लवकर. सॉफ्टवेअरवाल्याला एका दिवसात दहा फेरे मारता येतात. आमचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे वर्षाला एकच फेरा का? दोन वर्षं मी तसंच धरून चालले होते. मग लक्षात आलं, मोजायचं एकक वर्ष नाही, माल आहे. एका शेडात हंगामात तीन-चार वेळा माल पडतो. जतकडचा माल आधी, इकडचा नंतर, पुढे विजापूरकडची शेडं. तारखा मांडून बघितल्या तर एका हंगामात पाच-सहा फेरे मिळतात, फक्त आपल्याला तासगावात राहायला हवं. २०२४ पासून डिसेंबर ते मे आम्ही दोघंही पुण्यात नसतो. इनक्युबेटरच्या हजेरीचा प्रश्न निघाला, तेव्हा मी शेडमधून व्हिडिओ कॉल लावून दिला.

पुणे ते तासगाव असा सव्वादोनशे किलोमीटरचा हा प्रवास उलटा करताना आणखी एक कळलं. व्यवस्था म्हटलं की आम्ही पुणं, मुंबई, बंगळुरू समजायचो. पण मीटर विकायची वेळ आली तेव्हा उपयोगी पडलं ते डिपिंग ऑइल विकणारं कृषी सेवा केंद्र. रॅक बांधून देणारे फॅब्रिकेटर, कोल्डचे मॅनेजर, सौद्यातले अडते, पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातून माहिती आणून गावाला सांगणारे बागायतदार, ही एक पूर्ण व्यवस्था आहे आणि ती स्टार्टअप हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून नव्या गोष्टी तपासून घेत आली आहे. तास-ए-गणेश हे वाण याच तालुक्यातल्या बागेत निवडलेलं. कुठलंही नवं औषध आमच्याकडे आधी एका ओळीवर मारून बघतात, मग बागेवर. मामांना लीन समजावून सांगायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

सध्याचे आकडे सांगते. २०२४ ला ३८ मीटर भाड्याने गेले, २०२५ ला ११२. हंगामाचं भाडं ४,५०० रुपये, त्याचे पाच लाखांवर थोडे. ओव्हनच्या तपासण्या अजून चालू आहेत, त्यांचे पावणेदोन लाख. दोघांचे पगार आधीच्या नोकऱ्यांच्या निम्मे आहेत. पाटल्या सोडवल्या. मोठं काही नाही. पण हे सगळे पैसे शेडवाल्यांनी दिलेले आहेत आणि २०२४ च्या ३८ पैकी ३३ जण २०२५ ला परत आले. स्पर्धेत मी आता हाच आकडा सांगते, तोही हंगाम नसेल तरच जाते.

मामांच्या शेडात माल निवडायला एक मावशी येतात. मूठभर बेदाणा घेऊन घट्ट दाबायचा आणि सोडायचा; मणी सुटे झाले तर तयार, गोळा राहिला तर कच्चा, ही त्यांची परीक्षा. २०२३ मध्ये मी त्यांच्या साठ अंदाजांची ओव्हनशी तुलना केली. दुपारी त्यांचा हात एका टक्क्याच्या आत असतो. पहाटे मात्र थंडीने मणी कडक होतात आणि ओला मालही सुकल्यासारखा सुटतो. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, "म्हणून त्या वर्षी तसं झालं व्हय!" म्हणाल्या. तेव्हापासून मीटर त्यांच्याच ताब्यात असतं. आधी मूठ दाबतात, आकडा मोठ्याने सांगतात, मग मीटर लावतात.

यंदा फेब्रुवारीत पहिला माल उतरवायचा होता. सकाळी साडेसहाला गडी येऊन उभे होते. मावशींनी मूठ सोडली, मणी सुटे पडले. म्हणाल्या, "पंधरा." मग माझ्याकडे बघून, "पण गारठा हाय." लगदा केला, मीटर लावलं. १७.४. पाचही जागांचे नमुने घेतले, कुठेच सोळाच्या खाली नाही. मामांनी रॅकला लावलेला हात काढून घेतला, गड्यांना चहा सांगितला आणि परवा दुपारी या म्हणाले.